रेडिओ ऐकताना एक विद्यार्थिनी

ज्या पुस्तकात आपला स्वतःचा इतिहास छापलेला असण्याची शक्यता आहे, ते पुस्तक पोहे खाताना उघडू नये, हे रंजिता ताकसांडेला त्या रविवारी कळलं. पोह्यातली मिरची घशात जिथे अडकली, तिथेच पुढे दोन महिने राग अडकून राहिला.

पुस्तक लोकभूमी विद्यापीठाकडून आलं होतं. वर्ध्याहून आंजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या विद्यापीठात रंजिता वीस वर्षांपूर्वी एम. ए. करत होती. तेव्हा तिनं, अश्वजित नावाच्या वर्गमित्रानं आणि आणखी दोघांनी मिळून तिथे विद्यार्थ्यांचा रेडिओ सुरू केला होता. रेडिओ म्हणजे सुरुवातीला काय, तर मेसच्या मागच्या खोलीत एक अ‍ॅम्प्लिफायर, एक माइक आणि तिथून तीन होस्टेलांपर्यंत ओढलेली वायर. रोज संध्याकाळी सात ते आठ. एफएमचं लायसन्स, काचेचा स्टुडिओ वगैरे थाट सहा वर्षांनी आला. आता त्या रेडिओला वीस वर्षं झाली म्हणून विद्यापीठानं त्याचा इतिहास काढला होता. चौसष्ट गुळगुळीत पानं, आणि त्यातल्या अकरा पानांवर शुभेच्छा.

सहाव्या पानावर त्या वेळचे उपकुलसचिव होते. गळ्यात हार, खाली मजकूर: ‘यांच्या प्रेरणेने व पुढाकाराने रेडिओची मुहूर्तमेढ रोवली गेली.’ या गृहस्थांनी रेडिओच्या खोलीला तीन वेळा कुलूप ठोकलं होतं. त्यातलं एक कुलूप तर खास रंजितासाठी होतं, कारण मेसमधल्या वरणावर तिनं ‘पातळ वरण’ नावाचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम केला होता. तिन्ही होस्टेलांत लोक हसून लोळले होते. तसा कार्यक्रम नंतर कुणाला जमला नाही, असं तिचं स्वतःबद्दलचं शांत, ठाम मत होतं.

आणि सातव्या पानावर ती स्वतः होती. तेवीस वर्षांची, दोन वेण्या, हातात माइक, तोंड उघडं. खाली लिहिलं होतं: ‘रेडिओ ऐकताना एक विद्यार्थिनी.’

रंजिता शाळेत मराठी शिकवते. चुकीच्या रफाराला ती अर्धा मार्क कापते आणि लग्नाच्या पत्रिकासुद्धा लाल पेन घेऊन वाचते. ती ओळ तिनं तीनदा वाचली. मग नवऱ्याला विचारलं, तोंड उघडं ठेवून कोण ऐकतं? माइक हातात धरून कोण ऐकतं?

धीरजची नोकरी पुलगावला, रोजचं जाणंयेणं, त्यामुळे रविवारी त्याला इतिहासात फारसा रस नसतो. तो म्हणाला, जाऊ दे ना, असली पुस्तकं वाचतं कोण. सांत्वनाची जी शंभर वाक्यं जगात उपलब्ध आहेत, त्यांतलं नेमकं हे त्यानं उचललं. त्या दिवशी त्याला दुसऱ्यांदा पोहे मिळाले नाहीत.

तिला फार काही नको होतं. एक ओळ बदलून हवी होती. ‘रेडिओचा पहिला आवाज, रंजिता थूल.’ माहेरच्या आडनावासकट पाच शब्द. पण कॉलनीत पाच शब्दांचं काम कुणी पाच शब्दांत होऊ देत नाही. शेजारचे रूपराव तहसीलमधून निवृत्त झालेले. कुठलाही कागद दिसला की त्यांच्या बोटांना अजून खाज सुटते. त्यांनी तिचा अर्ज वाचला आणि ‘चूक’ हा शब्द तिच्यासमोर खोडला. सरकारी कागदात चूक कधी होत नसते, अनवधान होतं, असं त्यांनी समजावलं. रंजिताच्या लिखाणात दुसऱ्या कुणी लाल रेघ मारण्याची ही पहिलीच वेळ. ती तिनं दात आवळून सोसली. समोरच्या मंदाबाईंनी फोटो पाहिला, मग रंजिताकडे पाहिलं, मग परत फोटो पाहिला, आणि काळजीनं म्हणाल्या की ही तूच आहेस हे आधी पटवावं लागेल बाई. रंजिताला हे झोंबलं. पुढे विद्यापीठानं घातलेली पहिली अट नेमकी हीच निघाली.

विद्यापीठात तिला जनसंपर्क कक्षातून माध्यम विभागात आणि माध्यम विभागातून जिन्याखालच्या एका खोलीत धाडण्यात आलं. तिथे इतिहास लेखन समिती बसत असे. समिती म्हणजे प्रा. ज्ञानेश्वर उमाटे. या गृहस्थांना विद्यापीठात येऊन नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे आधीची अकरा वर्षं त्यांनी मोकळ्या मनानं लिहिली होती. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि अत्यंत सौजन्यानं सांगितलं की मॅडम, तुमच्या वेळी रेडिओ नव्हताच. लायसन्स नंतर आलं. तुमच्या वेळी होता तो स्पीकर.

“मग वीस वर्षं कशाची साजरी करताय?” रंजितानं विचारलं. “लायसन्स धरलं तर चौदाच होतात.”

“ते वेगळं,” उमाटे म्हणाले.

काय वेगळं, हे त्यांनी सांगितलं नाही. तेवढ्यात चहा आला. पुस्तक छापून झालं आहे, पण शुद्धिपत्र काढता येईल, एवढं त्यांनी कबूल केलं. त्यासाठी तीन गोष्टी लागतील. फोटोतली थूल आणि समोरची ताकसांडे एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. फोटोतलं उघडं तोंड बोलण्यासाठीच उघडलं होतं याबद्दल दोन साक्षीदार. आणि मूळ फोटो. मूळ फोटो तर तुमच्याच पुस्तकात छापलाय, असं ती म्हणाली, तेव्हा उमाटे म्हणाले की हो, तो आमच्याकडे आहे, पण तुम्ही सादर केला पाहिजे.

प्रतिज्ञापत्र करायला गेली तर नोटरीनं प्रयोजन विचारलं. ती म्हणाली, इतिहास. तसा रकाना नव्हता, म्हणून त्यानं ‘शैक्षणिक’ लिहिलं आणि वर सल्ला दिला की बाई, आधीच आडनाव बदलायला नको होतं. लग्नाच्या वेळी हे सांगायला तो कुठे होता कोण जाणे.

साक्षीदार म्हणून पहिला फोन तिनं अश्वजितला लावला. तो आता पुण्याला मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला सगळं आठवत होतं. गहिवरलाच तो. आठ दिवसांत त्याचं पत्र आलं, कंपनीच्या नावाच्या कागदावर, खाली सही. त्यात त्यानं प्रमाणित केलं होतं की रेडिओचा पहिला आवाज तो स्वतःच होता. रंजिता मेहनती होती, असंही एक वाक्य होतं.

ते पत्र फाडल्यावर तिला नत्थूकाका आठवले. विद्यापीठाचे वायरमन. तीन होस्टेलांची वायर त्यांनीच ओढली होती. निवृत्त होऊन नाचणगावला राहतात असं कळलं, तशी एका सुट्टीच्या दिवशी ती गाडीनं पुलगावला उतरली आणि ऑटोनं नाचणगावला पोचली. नत्थूकाका अंगणात पंख्याची मोटर खोलून बसले होते. त्यांनी तिला लगेच ओळखलं. मंदाबाईंनी हे पाहायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं. पाणी झालं, चहा झाला, पुस्तक दाखवून झालं. सहावं पान पाहून काका थुंकायला उठून गेले, तेव्हा तर तिला फारच बरं वाटलं. मग तिनं कागद पुढे केला. काकांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि सही न करता परत दिला.

“पयला आवाज तुहा नाई व बाई,” ते म्हणाले. “पंचफुलाचा हाये.”

पंचफुलाबाई म्हणजे मेसमध्ये भाकरी करायच्या त्या. रंजिताला आधी वाटलं काकांचं वय झालं. पण काकांना दिवससुद्धा आठवत होता.

“लाइन तपासाची होती. तू गेलती परीक्षेचा फॉर्म भराले. अश्वजित उभा होता तिकडं होस्टेलात, आवाज येते का पाहाले. मंग माइकवर बोलाले कोन? पंचफुला भाकरी थापून राह्यली होती. म्या म्हनलं, बोल काई बी. तं थे बोलली, भाजी सरली, वरन हाये, ज्याले पायजे त्यानं लवकर या. तिन्ही होस्टेलातून पोट्टे ताटं घेऊन धावले. तवा समजलं का लाइन चालू हाये.”

ती तर चाचणी होती, असं रंजिता म्हणाली. चाचणीचा आवाज कार्यक्रमात धरत नाहीत.

“भाजी सरल्याचं सांगनं बातमी नाई तं काय हाये?” काकांनी विचारलं, आणि पुन्हा मोटर हातात घेतली. खरं लिहून आणलं तर दहा सह्या देतो, म्हणाले.

परतीच्या गाडीत तिला कुणाकुणाचा राग आला नाही? नत्थूकाकांचा आला, त्यांच्या स्मरणशक्तीचा आला. होस्टेलात उभं राहून पंचफुलाबाईचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकणाऱ्या आणि तरी सही ठोकणाऱ्या अश्वजितचा तर इतका आला की समोरच्या बाकावरच्या माणसानं घाबरून खिडकीची जागा दिली. पण खरी पंचाईत वेगळी होती. अर्ध्या मार्कासाठी पोरांना रडवणाऱ्या बाईला चुकीचा अर्ज पुढे रेटता येईना. घरी येऊन तिनं अर्ज नव्यानं लिहिला. पहिला आवाज, पंचफुलाबाई. पहिली निवेदिका, रंजिता थूल.

उमाट्यांचा चेहरा उजळला. म्हणजे मॅडम, आपण दावा मागे घेताय.

“मागे नाही घेत. वाढवतेय. आता चुका दोन झाल्या.”

रूपरावांनी शिकवलेला शब्द तिला ऐनवेळी आठवला नाही. उमाट्यांनी ‘चुका’ या शब्दावर पेन आपटलं आणि पंचफुलाबाईंचं संमतिपत्र आणा म्हणून सांगितलं.

पंचफुलाबाई आंजी मोठीला राहतात, विद्यापीठापासून जेमतेम अर्ध्या तासावर. वीस वर्षांत रंजिता त्या रस्त्यानं पन्नासदा गेली असेल. शेतात वांगी, मिरची, थोडी मेथी. बाई वाफ्यात वाकलेल्या होत्या. त्यांनी मान वर केली, ओळखलं, आणि परत मान खाली घातली. रंजितानं बांधावर उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. इतिहास, पान सात, शुद्धिपत्र, पहिला आवाज. वीस वर्षांच्या समारंभात सत्कार होईल, शाल मिळेल, असंही सांगितलं. आपण काहीतरी मोठं द्यायला आलो आहोत, असा तिचा समज होता.

पंचफुलाबाईंनी कंबर सरळ केली.

“त्या भाजीच्या बोलन्यापायी माहं काम गेलं,” त्या म्हणाल्या. “चवथ्या दिवशी साहेबानं बोलावलं. म्हने, भोंग्यावरून मेसची बदनामी केली. सहा वर्सं भाकरी थापल्या तेथं. एका वाक्यात घरी.”

साहेब म्हणजे सहाव्या पानावरचे, हार घातलेले. रंजिता म्हणाली की मला खरंच माहीत नव्हतं.

“माईत नोतं? वरन कोन करून राह्यलं, थे बी समजलं नाई तुले?”

तेवढ्यात रंजिताला समजलं. भाकरीसोबत वरणही बाईच करायच्या. त्या गेल्या आणि त्याच आठवड्यात वरण पातळ झालं. त्या पातळ वरणावर तिनं पंधरा मिनिटं लोकांना हसवलं होतं, आणि वीस वर्षं त्याचा अभिमान बाळगला होता. वरण पातळ का झालं, हे विचारायला आत स्वयंपाकघरापर्यंत जावं लागलं असतं. रेडिओची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक भिंत होती. भिंतीला दारही होतं.

दोन महिने ती दुसऱ्यांवर रागावत होती आणि त्यात एक सुख होतं, हे तिला आता कळलं. स्वतःचा राग आला तेव्हा त्यात काहीच सुख नव्हतं.

पंचफुलाबाईंनी सही मात्र दिली. शालीसाठी नाई, म्हणाल्या. साहेब येनार असन तर त्याले एक गोष्ट विचाराची हाये.

समारंभाच्या आठ दिवस आधी शुद्धिपत्र आलं. दोन बोटं रुंद, गुलाबी चिठ्ठी. ‘पृ. ७ वरील छायाचित्राखाली “रेडिओ ऐकताना एक विद्यार्थिनी” याऐवजी “रेडिओ ऐकताना कै. पंचफुलाबाई” असे वाचावे. अनवधानाबद्दल दिलगीर आहोत.’

म्हणजे फोटो रंजिताचा, नाव पंचफुलाबाईंचं, आणि पंचफुलाबाई कैलासवासी. तोंड अजून ऐकण्यासाठीच उघडं. रूपरावांनी चिठ्ठी वाचली आणि ‘अनवधान’ शब्द स्वीकारला गेला म्हणून समाधान व्यक्त केलं. रंजितानं फोन लावला तेव्हा तिची शाळेची मराठी केव्हाच गळून पडली होती. जित्या बाईले मारून काऊन राह्यले तुमी, असं तिनं उमाट्यांना विचारलं. उमाटे ओशाळले. जुन्या यादीत बाईंच्या नावापुढे ‘सेवा समाप्त’ असा शेरा होता, टायपिस्टनं त्याचा जरा पुढचा अर्थ घेतला, म्हणाले. कार्यक्रमात सुधारून घेऊ.

कार्यक्रम शनिवारी सकाळी होता. सभागृह भरलेलं, आणि सगळं रेडिओवरून थेट चालू. मंचावर माजी उपकुलसचिव, पान सहावर होते तसेच, फक्त हार ताजा. तिसऱ्या रांगेत रंजिता, तिच्या पर्समध्ये चार पानांचं भाषण, आणि शेजारी हिरव्या लुगड्यातल्या पंचफुलाबाई. दीपप्रज्वलन झालं आणि उमाट्यांनी जाहीर केलं की रेडिओच्या वाटचालीत जे आपल्याला सोडून गेले त्यांना आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहू. पहिलं नाव पंचफुलाबाईंचं होतं. सुधारायचं राहून गेलं होतं.

सगळे उठले. रंजितासुद्धा सवयीनं अर्धवट उठली आणि खाली बसली. पंचफुलाबाई हलल्याच नाहीत. मागच्या एका स्वयंसेविकेनं वाकून हळूच सांगितलं, मावशी, उठा, श्रद्धांजली आहे.

“कोनाची?”

पंचफुलाबाईंची, असं मुलीनं सांगितलं.

“मंग बसू दे. माह्या मौतीले मी काऊन उभी राहू?”

एरवी तिसऱ्या रांगेतलं बोलणं मंचापर्यंत जात नाही. पण दोन मिनिटांच्या शांततेत ते गेलं, आणि शांतताही थेट प्रसारित होत असल्यामुळे जिथपर्यंत रेडिओ पोचतो तिथपर्यंत गेलं. कुणी हसलं, कुणी हसू दाबलं. पंचफुलाबाई मात्र उठल्या आणि मधल्या वाटेनं चालत मंचावर गेल्या. उमाट्यांच्या हातातला माइक त्यांनी भाजीची जुडी घ्यावी तसा सहज काढून घेतला आणि त्या हारासमोर उभ्या राहिल्या.

“साहेब, मी पंचफुला. मेसवाली. वीस वर्सांपयले तुमी मले कामावरून काढलं. त्या दिवशी भाजी सरलती का नोती सरली, एवढंच सांगा.”

साहेब हसले. बाईंचा काही गैरसमज होतोय, म्हणाले. बाई तशाच उभ्या. ही वेळ नव्हे, म्हणाले. बाई उभ्याच. उमाटे सभागृहाच्या मागे काचेपलीकडे यंत्रापाशी बसलेल्या गुंजन नावाच्या विद्यार्थिनीला हातवारे करून प्रसारण बंद करायला सांगत होते, आणि गुंजन मान खाली घालून समोरच्या बटणांकडे अत्यंत एकाग्रतेनं पाहत होती. शेवटी साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि म्हणाले, मला आठवत नाही.

“मले आठवते,” पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि माइक टेबलावर ठेवून खाली उतरल्या.

प्रसंग सावरायला उमाट्यांना घाईघाईनं रंजिताच सापडली. ताकसांडे मॅडम, आपल्या पहिल्या निवेदिका, दोन शब्द बोलतील. दोन महिने ती ज्या वाक्यासाठी भांडली ते वाक्य असं, धांदलीत, सगळ्यांसमोर उच्चारलं गेलं, आणि तिला ते ऐकून काहीच वाटलं नाही. ती मंचावर गेली. पर्स उघडली नाही.

“बाई गेल्या त्या आठवड्यात वरण पातळ झालं,” ती म्हणाली. “मी त्यावर पंधरा मिनिटांचा विनोदी कार्यक्रम केला. वरण कोण करायचं आणि ती कुठे गेली, हे मी विचारलं नाही. साहेबांनी काढलं ते साहेबांच्या नावावर लिहा. हे माझ्या नावावर लिहा.”

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे सभागृहाला ठरवता आलं नाही.

बाहेर फाटकाशी पंचफुलाबाई आंजीच्या ऑटोची वाट पाहत उभ्या होत्या. शाल त्यांनी घेतली नव्हती. रंजिता शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं सरळ माफी मागितली. बाईंनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

“माफीचं काय करू मी?” त्या म्हणाल्या. “सोमवारी येजो. मिरच्या तोडाले मानूस नाई.”

रंजिताला वाटलं बाई थट्टा करत आहेत. त्या करत नव्हत्या.

सोमवारी तिनं शाळेत रजेचा अर्ज टाकला, कारण ‘घरगुती’ लिहिलं आणि पहिल्या ऑटोनं आंजीला गेली. दोन ओळी होईस्तोवर कंबर धरली. बोटं जळायला लागली, आणि चुकून हात डोळ्याला लागला तेव्हा तर तिला उमाटे, अश्वजित, साहेब, सगळे एकदमच आठवले. शेजारच्या ओळीतून पंचफुलाबाई तिच्या टोपल्याकडे पाहत होत्या. त्यांनी त्यातल्या चार मिरच्या उचलून तिच्यासमोर धरल्या. देठ झाडावरच राहिला होता.

“अशी तोडली का सडते,” त्या म्हणाल्या. “देठासकट तोड. पुन्यांदा कर.”

रंजितानं डोळे पुसले आणि ओळीच्या सुरुवातीला जाऊन पुन्हा वाकली.